एका खोलीत एक कुटुंब

मार्च लागला की आमच्या लॅबला आंघोळ घालतात. कीबोर्ड उलटे करून आपटले जातात आणि त्यांतून शेव, पेन्सिलीची टोकं, केस, एकदा तर कुणाचं तरी कानातलं, असं काय काय बाहेर पडतं. एसीवाला येतो, जाळी धुतो, चहा पितो, जातो. एसी पूर्वीसारखाच ठिबकत राहतो आणि खालची बादली पुन्हा आपल्या जागी येते. खिडकीच्या जाळीत सोनमोहराची पिवळी फुलं अडकलेली असतात. लालबागच्या बाजूनं वारा सुटला की मिरची कांडपाचा खकाणा थेट आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो आणि परीक्षा देता देता अख्खी बॅच शिंकायला लागते. बाकीच्या जगाला या दिवसांत कैरी आठवते, गावाला जायची तिकिटं आठवतात. मला राग येतो.

खरंच येतो. दरवर्षी ठरवते की यंदा शांत राहायचं, जे येईल ते तपासायचं, सही करायची, घरी यायचं. घरातून निघताना नवरा दारात विचारतो, "अगं, बीपीची गोळी घेतलीस का?" घेतलेली असते. पण गोळीचा काय संबंध? माझं बीपी खाली आलं म्हणून उत्तरसूची सुधारते का?

मी परळच्या एका कॉलेजात डेटाबेस शिकवते. हा शब्द ऐकला की माझ्या वयाची माणसं उगाच मान डोलवतात, म्हणून सोपं करून सांगते. माहिती नीट कशी ठेवायची आणि ठेवलेली पुन्हा कशी मागायची, एवढाच हा विषय. ठेवायची टेबलांत, म्हणजे ओळी आणि रकाने आखून. मागायची एसक्यूएल नावाच्या भाषेत. त्या भाषेतल्या एकेका मागणीला क्वेरी म्हणतात. भाषा सोपी आहे, महिनाभरात येते. अवघड आहे ते टेबलं ठरवणं. त्यासाठी आधी समोरचं जग बघावं लागतं: यात माणसं कोण, वस्तू कोणत्या, कोणाचा कोणाशी संबंध, आणि तो संबंध एकाचा एकाशी की एकाचा अनेकांशी. हे बघणं म्हणजेच डिझाइन. मला विचाराल तर विषय तिथंच आहे, बाकी सगळं टायपिंग आहे.

आणि शिकवायला काय मजा येते म्हणून सांगू! जूनमध्ये नवी पोरं येतात, वरळीची, लालबागची, शीवची, थोडी शिवाजी पार्कची. एका वर्गात तीन ओंकार असतात. हजेरी घेताना तिघं एकदम "येस मॅडम" म्हणतात, की मी तिथंच थांबते आणि विचारते, आता यातला कुठला ओंकार हे मशीनला कसं कळणार? मग आडनाव, मग जन्मतारीख, मग कुणीतरी म्हणतं रोल नंबर. झालं, 'प्रायमरी की', म्हणजे एकेक ओळ वेगळी ओळखू येईल असा रकाना, शिकवून संपली. मग नल येतो. टेबलातला रकाना रिकामा असतो तेव्हा तिथं नल असतो. तो शून्य नव्हे आणि कोरा कागदही नव्हे. नल म्हणजे माहीत नाही. हे पोरांच्या गळी उतरवायला पूर्वी मला दोन तास लागायचे. एका वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, माझ्या दादाचा पगार नल आहे. असतो, पण घरात कोणालाच माहीत नाय." वर्ग खो खो हसला. तेव्हापासून मी दादाच्या पगारावरच नल शिकवते.

असं सगळं हसतखेळत फेब्रुवारीपर्यंत चालतं आणि मग जर्नल आडवं येतं. जर्नल म्हणजे वर्षभरात लॅबमध्ये जे केलं ते वहीत हातानं उतरवून काढायचं. हातानं! मशीनवर चाललेल्या क्वेऱ्या, मशीननं दिलेली उत्तरं, सगळं. टेबलात एक ओळ टाकली की मशीन खाली लिहितं, 'वन रो क्रिएटेड'. मुलं ते शाईनं लिहितात. दहा ओळी टाकल्या असतील तर दहा वेळा लिहितात. मुली पट्टी घेऊन टेबलाच्या चौकटी आखतात. वरून ब्राउन पेपरचं कव्हर, त्यावर लेबल, आणि मी लाल पेनानं प्रत्येक पानावर सही करायची. अरे, कशाची सही? या पोरीची पट्टी सरळ आहे याची? मी हे मीटिंगमध्ये बोलले आहे, एकदा नाही, अनेकदा. प्रत्येक वेळी कुणीतरी समजावल्यासारखं म्हणतं, "मॅडम, पद्धत आहे ती." मग चहा येतो.

दुसरी पद्धत एक्स्टर्नलची. एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून येणारे परीक्षक. घरचे आणि बाहेरचे असे दोघं मिळून मार्क देतात, म्हणजे पक्षपात नको. तत्त्व चांगलं आहे. पण एक्स्टर्नल येणार म्हणजे आमच्याकडे व्याही येणार असल्यासारखी धावपळ. त्यांना गोड चालतं का, तिखट चालतं का, याचा आदल्या दिवशी फोन. शिपाई दादरला जाऊन कोथिंबीर वडी आणि पियूष घेऊन येतो. स्टाफरूममधला पंखा त्यांच्याकडे वळवला जातो. एवढ्या बडदास्तीनंतर त्यांनी काही मार्क दिले तरी आपण काय बोलायचं, अशी ती सगळी रचना. मीही वर्षानुवर्षं पियूष वाढलंय. मी काही आकाशातून पडलेले नाही.

ज्या मार्चमुळे मला दर मार्चला राग येतो, त्या वर्षी वर्गात प्रज्ञा होती. वरळीच्या बीडीडी चाळीतली. आई म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्स, वडील खाजगी ऑफिसात कामाला. मुलगी बोलायला मोजकी, पण एकदा प्रश्न विचारायला लागली की सुटका नाही. "मॅडम, एका माणसाला दोन पत्ते असले तर?" "मॅडम, मेलेल्या माणसाची ओळ काढायची की ठेवायची?" मी म्हटलं, तू सांग. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "ठेवायची. आजोबा गेले, पण दोन वर्षं भाडेपावती त्यांच्याच नावानं फाडत होते." असा विद्यार्थी वर्षाला एक जरी मिळाला तरी शिकवणारा माणूस टिकून राहतो. लोअर परळच्या एका कंपनीनं दुसऱ्या वर्षाच्या मुलांतून तिची निवड केली होती. सुट्टीपासून शिकाऊ म्हणून काम आणि डिग्री झाली की तिथंच पक्की नोकरी. अट एकच, कुठल्याही विषयात केटी लागता कामा नये. केटी म्हणजे विषय राहिला. प्रज्ञाला केटी लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता प्रश्नाबद्दल सांगते, कारण सगळं पाणी तिथं मुरलंय. आमच्याकडे प्रॅक्टिकलचे प्रश्न एका प्रश्नपेढीतून येतात आणि प्रत्येकाबरोबर उत्तरसूची असते. कधीतरी कुठल्याशा बैठकीत ठरलं की प्रश्न फार परके वाटतात, ते आपल्या मातीतले करा. कल्पना उत्तम! मग झालं काय, तर कुणीतरी जुनी प्रश्नपेढी उघडली आणि शब्द बदलत गेलं. रेस्टॉरंट काढून खानावळ. लायब्ररी काढून वाचनालय. एक जुना प्रश्न होता, हाउसिंग सोसायटीतले फ्लॅट आणि त्यांत राहणारी कुटुंबं, यांचा डेटाबेस करा. तिथं सोसायटी काढून चाळ लिहिलं आणि फ्लॅट काढून खोली लिहिलं. उत्तरसूचीला कुणी हात लावला नाही. ती तशीच राहिली, फ्लॅटवाली. तिच्यात दोन टेबलं, एक खोलीचं, एक कुटुंबाचं. खोलीच्या टेबलात एक रकाना, त्या खोलीतल्या कुटुंबाचा. एक खोली, एक चौकोन, एक कुटुंब.

मुंबईच्या चाळीत! हे लिहिणाऱ्यानं आयुष्यात चाळीचा जिना तरी चढला असेल का? मी गिरगावात वाढले. आमच्या दोन खोल्यांत माझ्या आत्याचा मुलगा देवगडहून नोकरीसाठी आला, राहिला, त्याचं लग्न ठरलं, झालं, आणि वहिनीही तिथंच आली. पडद्याच्या त्या बाजूला त्यांचा संसार, या बाजूला आमचा, मधे टेबललॅम्प लावून माझी दहावी. वहिनी पहाटे उठून आधी आईचा स्टोव्ह पेटवायची आणि मग स्वतःचा. दूधवाला दोन्ही घरांना वेगळा हिशोब ठेवायचा आणि त्यात त्याची कधी गल्लत झाली नाही. आज दादरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच असतो, उत्तरसूचीत फिट्ट बसतो. पण म्हणून माझी दहावी खोटी होत नाही.

परीक्षेच्या दिवशी मुलं डब्यातून चिठ्ठी उचलतात. चिठ्ठीवर प्रश्नाचा नंबर. प्रज्ञाला चाळीचा प्रश्न आला. मी लांबून बघत होते. तिच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मलाही बरं वाटलं, म्हटलं, चला, हिच्या घरचाच पेपर आला.

तिनं तीन टेबलं केली. खोली, कुटुंब आणि मधे तिसरं, त्याला नाव दिलं 'वास्तव्य'. कुठलं कुटुंब कुठल्या खोलीत आणि कधीपासून राहतं, त्याची एकेक ओळ. त्यामुळे एका खोलीत दोन कुटुंबं राहिली तरी चालतं आणि तिच्या समोरच्या बिऱ्हाडासारखं एकाच कुटुंबाकडे दोन खोल्या असल्या तरी चालतं. मी वर्षभर घसा कोरडा करून जे शिकवते ते हेच. संबंध अनेकांचा अनेकांशी असेल तर मधे तिसरं टेबल घाला. तिनं ओळी भरल्या, क्वेरी चालवली, उत्तर बरोबर आलं. वर तिच्या खोलीच्या नंबरासमोर दोन कुटुंबं: एक काकांचं, एक प्रज्ञाचं. मी मनात पूर्ण मार्क देऊन टाकले.

एक्स्टर्नल सर पन्नाशीचे, नीट इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. राक्षस वगैरे नव्हते हो. दिवसभरात त्यांना अजून एका कॉलेजात जायचं होतं. त्यांच्याकडे उत्तरसूचीबरोबर आलेल्या तयार क्वेऱ्या होत्या. प्रत्येक मशीनवर त्या चालवायच्या आणि उत्तर जुळलं की बरोबरची खूण करायची. प्रज्ञाच्या मशीनवर त्यांनी पहिली चालवली. खोलीच्या टेबलात कुटुंबाचा रकानाच नव्हता, तो तिनं तिसऱ्या टेबलात नेला होता. मशीननं लाल अक्षरांत सांगितलं, असा रकाना नाही. दुसरी चालवली, तेच. तिसरी, तेच. सरांनी तिचा डिझाइनचा कागद घेतला आणि तिसऱ्या टेबलावर आडवी रेघ मारली.

"हे कशाला? एका खोलीत एक कुटुंब."

"सर, प्रश्नात असं लिहिलेलं नाय," प्रज्ञा म्हणाली.

"लिहिलेलं नसलं तरी गृहीत आहे."

"पण आमच्याकडे दोन आहेत."

सर हसले. वाईट हसू नव्हतं ते, लहान मुलाशी हसावं तसं होतं. मी मधे पडले, म्हटलं, सर, तिची स्वतःची क्वेरी चालवून बघा, उत्तर बरोबर येतंय. ते म्हणाले, "येतंय मॅडम, मी पाहिलं. पण आन्सर-कीमध्ये दोन टेबलं आहेत. मी तीन टेबलांना मार्क कुठल्या आधारावर देऊ?" मग प्रज्ञाकडे वळून, अगदी मनापासून तिचं भलं करायला म्हणून ते म्हणाले, "बेटा, असं कर. हे तिसरं खोडून टाक, खोलीत एक रकाना वाढव, एक कुटुंब ठेव. मी थांबतो जरा. पास होशील."

लॅबमध्ये सगळे बघायला लागले होते. प्रज्ञानं कीबोर्डवर हात ठेवले आणि परत काढून मांडीवर घेतले. म्हणाली, "सर, मग काकाला कुठे टाकू? का आम्हाला काढू?"

"अगं, ही परीक्षा आहे, सर्व्हे नाही."

"चुकीचं डिझाइन आहे सर ते. मी नाय करणार."

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, अभिमानानं आला. मी तिला खोड म्हटलं नाही. आजही त्या जागी असते तरी म्हणणार नाही. विद्यार्थ्यानं जग बघून टेबल आखावं म्हणून मी इतकी वर्षं बोंबलतेय आणि ज्या दिवशी एकीनं ते केलं त्या दिवशी मीच तिच्या कानात खोड म्हणू? पण मला वाटलं होतं की जेवणाच्या सुट्टीत मी सरांना पटवीन.

स्टाफरूममध्ये पंखा त्यांच्याकडे वळवलेला होता. कोथिंबीर वडी बाहेर कुरकुरीत, आत मऊ, अगदी ताजी होती. मी बोलत होते आणि सर जेवत होते. मी म्हटलं, डिझाइन चुकलं असं धरलं तरी तिच्या डिझाइनवर क्वेऱ्या बरोबर चालतात, निदान त्यांचे मार्क द्या. एकाच गोष्टीची शिक्षा दोनदा कशी? ते म्हणाले, आउटपुट जुळायला हवं. मी म्हटलं, तोंडी परीक्षेत तिनं सगळं बरोबर सांगितलं, ते तुम्हीच ऐकलंत. ते म्हणाले, त्याचे दिलेत की पूर्ण. मग पियूषचा घोट घेऊन ते आपणहून बोलायला लागले, "मला कळतं हो मॅडम. मी स्वतः शीवला मामांच्या खोलीत राहून शिकलो. मामांचं कुटुंब आणि आमचं, एकच मोरी. सकाळी नंबर लागायचे."

मी चमचा खाली ठेवला. "मग, सर?"

"ते वेगळं. ते आयुष्य, हा पेपर."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. कोपऱ्यात शिपाई दुसरी प्लेट घेऊन उभा होता. त्याला वाटलं मॅडमना काहीतरी लागलं. मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात उभी राहिले. समोर टॉवरचं काम चालू होतं, खालून सिमेंट मिक्सरचा घरघराट येत होता. ज्या माणसाला माहीतच नाही त्याच्याशी मी भांडू शकते, त्याला शिकवू शकते. ज्याला माहीत आहे आणि तरी जो आडवी रेघ मारतो, त्याच्याशी काय बोलायचं? नल नव्हता तिथं. माहिती होती. ती मागायची कुणाला गरज वाटत नव्हती.

प्रज्ञा नापास झाली. डिझाइनला शून्य, क्वेऱ्यांना शून्य, तोंडीचे पूर्ण मार्क पुरले नाहीत. मी मार्कांच्या पत्रकावर सही करायला नकार दिला, शेरा लिहिला, प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य भला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, प्रॅक्टिकलला फेरतपासणी नसते. नियमच नाही. तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो." मी लेखी दिलं. त्यांनी वर पाठवलं. वरून आलं, नोंद घेतली आहे. त्या नोंदीचं कुठलं टेबल असेल ते देव जाणे.

एप्रिल उजाडला होता. वरळीला जयंतीची तयारी चालू झाली होती, चाळींवर निळे झेंडे, गॅलऱ्यांतून लायटिंग. प्रज्ञाची आई ड्यूटी संपवून थेट कॉलेजात आली. नर्सचा पांढरा गणवेश पिशवीत, अंगावर साडी, पायात ड्यूटीच्याच चपला. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"मॅडम, पोरीचं नेमकं चुकलं काय ते मला सांगा. अभ्यास केला नसेल तर मी घरी बघते तिच्याकडे."

मी सांगितलं. खोली, कुटुंब, तिसरं टेबल, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या खोलीत दोन संसार आहेत हे तिनं खरं लिहिलं, म्हणून नापास?"

"ताई, तिचं काहीच चुकलं नाही."

"मग ती नापास कशी?" आवाज चढला तसे व्हरांड्यातले चारजण थांबले. "आमच्या वॉर्डात एका खाटेवर दोन पेशंट असतात मॅडम. गर्दी असली की असतात. म्हणून दुसऱ्याला मी केसपेपर देत नाही का? त्याचं औषध पहिल्याला पाजते का? मग नोकरी जाईल माझी. आणि तुमच्याकडे उलटं कसं?"

मी म्हटलं, मी भांडले, अजून भांडतेय. त्या म्हणाल्या, "तुम्ही भांडलात ते प्रज्ञानं सांगितलं. पण कंपनीचं पत्र आलंय, केटी असेल तर येऊ नका. आता ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत तुम्ही भांडा नाहीतर गप्प बसा, त्या पत्राला काय फरक पडतो?" आणि गेल्या. बरोबरच बोलल्या. चहासुद्धा न घेता गेल्या, आणि मी पहिल्यांदा त्या व्हरांड्यात रडले, रागानं.

यंदाही मार्च आलाय. कीबोर्ड आपटून झालेत, बादली जागेवर आहे. प्रश्नपेढीत चाळीचा प्रश्न तसाच आहे आणि सूचीही तशीच. मी दरवर्षी पत्र लिहिते आणि दरवर्षी नोंद घेतली जाते. मधे एका तरुण सहकाऱ्यानं मला सुचवलं, "मॅडम, जूनमध्येच मुलांना सांगून टाका ना, हा प्रश्न आला तर दोनच टेबलं करा." मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. नंतर कळलं की मुलं एकमेकांना ते सांगतातच. 'चाळ आली तर फ्लॅट समज', असं जिन्यावर म्हणताना मी स्वतः ऐकलंय. हुशार आहेत. परीक्षा काय मागते ते त्यांनी बरोबर ओळखलं, आणि एवढ्या सगळ्यातून त्यांनी शिकलेली ती एकच गोष्ट पक्की.

प्रज्ञा आता पदवीधर आहे. शीवच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कंप्युटरवर बसते. डेटाबेस बनवत नाही, दुसऱ्यांनी आखलेल्या चौकोनांत पेशंटांची नावं भरते. जी मुलगी चौकोन कसा असावा हे ठरवायला जन्मली होती, तिला आपण चौकोन भरायला बसवलं. कधी भेटली तर हसून बोलते. मला तिच्यासमोर नीट हसता येत नाही.

त्या वर्षीचा ऑक्टोबर सांगायचा राहिला. सांगावासा वाटत नाही, म्हणून राहिला. ऑक्टोबरात राहिलेल्या मुलांची परीक्षा होते. मूठभर मुलं, उकाडा, अर्धी लॅब रिकामी. एवढ्याशांसाठी नवा प्रश्न कोण काढणार, म्हणून मार्चमध्ये ज्याला जो आला होता तोच त्याला परत देतात. हीही पद्धतच. प्रज्ञाच्या पुढ्यात चाळ आली. मी म्हटलं, लिही गं, तुला हवं तसं लिही, या वेळी मी बघते. आणि मी खरंच कंबर कसून आले होते. या वेळच्या एक्स्टर्नल मॅडमना मी सकाळीच गाठून सगळं समजावलं होतं, त्या ऐकायच्या मनःस्थितीत होत्या.

प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं नाही. भराभर टाइप केलं. सगळ्यांच्या आधी हात वर केला. एक्स्टर्नल मॅडमनी तयार क्वेऱ्या चालवल्या. पहिली जुळली. दुसरी जुळली. सगळ्या जुळल्या. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही उगाच काळजी करत होतात. एकदम करेक्ट आहे हिचं. दोन टेबलं, क्लीन."

मी मशीनच्या पडद्याजवळ वाकले. खोलीच्या टेबलात त्यांच्या खोलीचा नंबर होता, पुढे एक रकाना आणि त्यात एक कुटुंब. खाली क्वेरीचं उत्तर होतं, त्या खोलीत राहणारी माणसं. काका, काकू, काकांची दोन मुलं. मी पुन्हा वाचलं. तिची आई नव्हती. वडील नव्हते. ती नव्हती.

"प्रज्ञा, अगं तुम्ही?" मी हळूच विचारलं.

"पावती आता काकांच्या नावावर आहे ना मॅडम," ती मशीन बंद करत म्हणाली. "एकच बसत होतं."

तिला पूर्ण मार्क मिळाले.